आमच्या घराण्यात असलं काही नाही

सत्तावीस वर्षं मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. मेंडेलचे वाटाणे, उंच आणि बुटके, गोल आणि सुरकुतलेले. फळ्यावर चौकोनांचा तक्ता काढायचा, त्यात कॅपिटल टी, स्मॉल टी भरायचे आणि वर्गाकडून वदवून घ्यायचं: एकास दोनास एक. तक्ता पाठ असला की बोर्डात मार्क कुठे जात नाहीत. त्याच भागात पुढे थॅलेसेमिया यायचा, हिमोफिलिया यायचा, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. तोवर प्रॅक्टिकलची धांदल सुरू झालेली असायची आणि मी म्हणायचे, एवढं घरी वाचा रे.

माझ्या भाच्याचा मुलगा अकरा महिन्यांचा असताना त्याला थॅलेसेमिया मेजर निघाला, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन बनतच नाही आणि बाहेरून रक्त चढवत राहावं लागतं. त्याआधीचे दोन महिने पोर पांढरंफटक पडत चाललं होतं, दूध टाकत होतं, आणि घरात सगळ्यांचं ठरलेलं होतं की दात येतायत. लोहाचं सिरप चालू होतं. हिमोग्लोबिन पाचच्या खाली गेल्यावर एका डॉक्टरांनी वेगळी तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आधी माझ्याकडे आला, कारण घरातली 'बायलॉजीवाली' मीच. आलेख, आकडे आणि तळाशी बारीक इंग्रजीत एक ओळ: आई-वडिलांची तपासणी करावी, जेनेटिक काउन्सेलिंग घ्यावं. कुठे घ्यावं, कोण देतं, कशासाठी, काही नाही. भाचा शेजारी उभा होता. म्हणाला, "आत्या, कॅन्सर आहे का?"

नाही, म्हटलं. मग काय आहे, हे सांगताना माझ्या लक्षात आलं की मला फक्त तक्ता येतो. रक्त किती दिवसांनी चढवायचं, कुठे, किती वर्षं, पोर शाळेत जाईल का, दुसरं मूल होऊ द्यावं का, यातलं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वहिनी त्या संध्याकाळी एकच वाक्य परत परत बोलत होती: "आमच्या घराण्यात असलं काही नाही." लातूरहून सुनेच्या आईचा फोन आला, तिनंही शब्दश: हेच सांगितलं. दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या आणि गंमत अशी की दोघी खरं बोलत होत्या. दोन्हीकडे आजारी कुणी नव्हतंच. या आजाराची रीतच तशी आहे. एक जनुक बिघडलेलं आणि एक चांगलं, असा माणूस वाहक असतो; इंग्रजीत त्याला मायनर म्हणतात. तो धडधाकट असतो. ऊस तोडतो, यंत्रमाग चालवतो, नव्वदीपर्यंत जगतो. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि त्यासाठी आयुष्यभर अधूनमधून लोहाच्या गोळ्या, ज्यांची त्याला बहुधा गरज नसते. वाहकाची गाठ वाहकाशी पडली तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मेजरची. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असंही नाही. दर खेपेला फासा नव्यानं पडतो. भारतात शंभरातले तीन ते चार जण वाहक आहेत आणि दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं मेजर घेऊन जन्मतात. म्हणजे 'आमच्या घराण्यात नाही' याचा अर्थ एवढाच, की आमच्या घराण्यात अजून कुणी तपासलेलं नाही.

हा लेख लिहायचं कारण ते वाक्य आहे. गेल्या काही वर्षांत भाच्याबरोबर दवाखान्याच्या बाकांवर बसून मी ते इतक्यांदा ऐकलं, मराठीत, कानडीत, तेलुगूत, दखनीत, की माझं एक मत पक्कं झालं. रक्ताच्या आनुवंशिक आजारांबद्दल आपल्याकडे माहिती कमी आहे असं सगळे म्हणतात. माहिती आहे. ती माझ्या क्रमिक पुस्तकात होती. अडतं ते असं, की ती मागायला जाणं म्हणजे घराण्यावर डाग कबूल करणं. माहिती मागायला कुणी जावंच लागू नये, ती न मागता प्रत्येकाच्या हातात पडावी, एवढीच व्यवस्था बदलायला हवी. पहिल्या तिमाहीत प्रत्येक गरोदर बाईची आणि त्याच दिवशी तिच्या नवऱ्याची वाहक-तपासणी सरसकट करा. सगळ्यांचीच झाली की ती कुणाच्याच घराण्यावर येत नाही.

लपवणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचे, आता चिडत नाही. बाकावर ओळख झालेली एक बाई, पूर्व भागात राहणारी, विड्या वळणारी, दर वीस दिवसांनी मुलाला रक्त चढवायला आणते. चाळीत सांगून ठेवलंय, मुलाला ट्यूशन आहे. थोरली मुलगी सतरा वर्षांची आहे. धाकट्याचं कळलं तर थोरलीला कोण करून घेणार, एवढा सरळ हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? आपण सगळ्यांनी मिळून तो बरोबर ठरवलाय. थोरली वाहक नसण्याचीही शक्यता आहे, तिच्या तपासणीला एक सुई पुरते, पण आई तयार नाही. रिपोर्ट काढला म्हणजे तो कुणीतरी वाचणार.

सोलापूरची म्हणून एक गोष्ट आहे, ती बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे नात्यातलं लग्न ही रीत आहे. मामाची मुलगी करतात, सख्ख्या मामालाही भाची देतात; तेलुगू घरांत त्याला मेनरिकम म्हणतात, मराठीत 'घरातलीच आहे' म्हणतात. शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. मला ते पटत नाही. जमीन, हुंडा, पोरगी डोळ्यांसमोर राहणं, सासू म्हणजे आत्याच असणं, यामागे पिढ्यांचा व्यवहार आहे. आकडे मात्र आकडे आहेत. मामाला हे जनुक आई-बापाकडून आलेलं असेल तर सख्खी भाची वाहक असण्याची शक्यता चारात एक. आते-मामे भावंडांत आठात एक. बाहेरची मुलगी केली तर साधारण तीसात एक. एवढा फरक आहे. आणि तरीही, माझ्या भाच्याची बायको नात्यातली नव्हती, गावचीही नव्हती. फक्त पोटजात एक. जातीतच लग्न करणाऱ्या समाजात सगळेच एकमेकांचे लांबचे मामे-आते असतात. सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत हे प्रमाण जास्त म्हणून ओळखलं गेलं आणि त्यांच्यातल्या काहींनी समाजाच्या मेळाव्यांत तपासण्या सुरूही केल्या. बाकीच्यांनी सोयीचा अर्थ काढला, की हा त्यांचा आजार.

मग लग्नाआधीच तपासणी सक्तीची का नको, असं प्रत्येक सभेत कुणीतरी उठून विचारतं. पत्रिका बघण्यापेक्षा रक्त बघा, या वाक्याला टाळ्याही हमखास पडतात. मी त्या टाळ्यांत नाही. मुला-मुलींनी लग्नाआधी स्वत:हून तपासून घ्यावं, कॉलेजात शिबिरं व्हावीत, हे सगळं ठीक. पण 'बघण्या'च्या कार्यक्रमात रिपोर्ट मागायची पद्धत पडली तर तो कुणाकडे मागितला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. मुलाकडून नाही. मुलगी वाहक निघाली की मोडेल, आणि गावभर होईल ती तिची बातमी. वाहक असणं हा आजार नाही, आणि एक वाहक आणि एक साधा असेल तर मेजर मूल होत नाही, हे त्या गलक्यात कोण ऐकणार? सायप्रस या छोट्या बेटाचं उदाहरण नेहमी देतात. तिथे लग्नाआधी प्रमाणपत्र लागतं, हे खरं. पण त्यावर वाहक आहे की नाही हे लिहिलेलं नसतं. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढंच असतं. दोघंही वाहक निघालेली बहुतेक जोडपी तिथे लग्न करतातच, आणि मग गर्भाची तपासणी करून घेतात. उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्यावं.

गरोदरपणातल्या तपासणीत एक मोठी अडचण आहे आणि ती पैशांची नाही. आधी पैशांचं सांगते. सगळ्यांची महागडी एचपीएलसी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करायची गरज नसते. गरोदर बाईचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, तसंही काढतात. त्यात एमसीव्ही आणि एमसीएच हे दोन आकडे असतात, म्हणजे तांबड्या पेशीचं आकारमान आणि त्यातलं हिमोग्लोबिन. ते कमी असतील तेवढ्यांचीच पुढची तपासणी करायची. तिथे एचबीएटू हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असला की वाहक समजायचं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाळणी लिहिलेली आहे. ते दोन आकडे आजही छापून येतात, फक्त कुणी वाचत नाही. हिमोग्लोबिन नऊ दिसलं की लोहाची गोळी, पुढची या.

अडचण तारखांची आहे. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. दृष्ट लागते. बाई चौथ्या महिन्यात नाव नोंदवते, रिपोर्ट यायला चार दिवस, नवऱ्याला बोलवा म्हटलं की तो ट्रक घेऊन हैदराबादला किंवा पुण्यात कंपनीत. "मला काय झालंय?" हा त्याचा प्रश्न आणखी पंधरा दिवस खातो. दोघं वाहक निघालीच तर बाळाची तपासणी. वारेचा बारीक तुकडा घेऊन करायची ती साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होते. ती वेळ टळलेली असते. मग सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भजल. त्यासाठी मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे हे काम अनेक वर्षं चालतं. सोलापूरहून म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, पोटुशी बाई, बरोबर एक बाईमाणूस, दोन दिवसांची मजुरी बुडाली. कायदा आड येत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण 'गर्भाची तपासणी' म्हटलं की लोक दचकतात. लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी आहे, नोंदणीकृत केंद्रात. २०२१ मध्ये गर्भपाताचा कायदा बदलला, त्यात बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर आठवड्यांची मर्यादा लागत नाही. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळ पोटात हलायला लागल्यावर असा निर्णय घ्यायला लावणं, हा उशीर आपण केलेला असतो. म्हणून म्हणते, दोघांचं रक्त एकाच दिवशी घ्या. ज्या दिवशी नवरा सोनोग्राफीला कौतुकानं येतो, त्याच दिवशी.

इथपर्यंत मी दोन-तीन ठिकाणी भाषणात बोलले आहे. एकदा भाषण संपल्यावर एक मुलगा भेटायला थांबला. बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला, अंगानं लहानखुरा, आठ महिन्यांचा असल्यापासून रक्त घेणारा. म्हणाला, "मॅडम, सगळं बरोबर बोललात. पण तुमच्या भाषणात मी म्हणजे एक टाळता आला असता असा खर्च."

मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. त्याच्या त्या वाक्यानंतर मी एक केलं, भाषणाचा निम्मा वेळ जगणाऱ्या मुलांना दिला. कारण प्रतिबंधाच्या नावाखाली आपण हात झटकतो, हे खोटं नाही. जे मूल आहे त्याच्या आई-बापाला निदानाच्या दिवशी काय सांगितलं जातं? मला आज जे ठाऊक आहे ते बाकावर बसून, दुसऱ्या आयांकडून आणि स्वत: शोधून तीन वर्षांत कळलंय. ते एका कागदावर मावतं.

रक्त दोन ते चार आठवड्यांनी लागतं, आणि चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. पोर मलूल पडेपर्यंत थांबायचं नसतं. आम्ही पहिलं वर्षभर थांबत होतो. वाटायचं, जितक्या पिशव्या वाचतील तितक्या वाचवाव्यात. त्यानं हाडं रुंद होतात, कपाळ पुढे येतं, प्लीहा वाढते, आणि ते सगळं सहजासहजी मागे फिरत नाही. दुसरं, दर पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायचा रस्ताच नाही. दिवसाला एखादं मिलिग्रॅम जातं तेवढंच. साठलेलं लोह हृदयात आणि यकृतात बसतं. ही मुलं पूर्वी रक्ताअभावी जायची, नंतर लोहानं जायला लागली. दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरीटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा, हजाराच्या वर गेलं की लोह काढणारं औषध सुरू करावं लागतं. आधी ते रात्रभर पोटावर सुई लावून पंपानं द्यायचे, आता पाण्यात विरघळणारी गोळी आहे. आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी ती पांढुरकी गढूळ कपबशी म्हणजे रोजचं युद्ध. पोर तोंड मिटून बसतं, आणि घरातले चार जण त्याच्यासमोर नकला करत असतात.

आणि याच घरात वर्षभर पाहुणे डाळिंबं आणत होते. सोलापूरचं डाळिंब, रक्त वाढतं म्हणून. डाळिंबानं काही बिघडत नाही. पण एका मामांनी प्रेमानं आणलेलं लोहाचं टॉनिक सुनेनं दोन आठवडे पाजलं होतं. एक छापील कागद हातात असता तर ते झालं नसतं.

त्याच कागदावर हेही हवं: दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल, तिन्ही आहेत; प्रमाणपत्र आणि कार्ड काढता येतं. या तिन्ही आजारांच्या रुग्णांना रक्त प्रक्रिया शुल्काशिवाय द्यावं, असं राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचं धोरण आहे. भावंडांची एचएलए जुळणी, म्हणजे ऊती जुळतात का ही तपासणी, करावी, सख्ख्या भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक असते, आणि जुळलं तर बोन मॅरो, म्हणजे रक्त बनवणारा हाडांतला मगज, बदलायला कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून, काही अटींवर, दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ही योजना २०१७ पासून आहे. आमच्या बाकावरच्या सात कुटुंबांपैकी ती दोघांनाच माहीत होती, आणि दोन्ही घरांत कुणीतरी सरकारी नोकरीत होतं. माहिती मिळणं असं ओळखीवर चालतं. कागद मराठीत हवा, तेलुगू आणि कानडीतही हवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवणारं माणूस हवं. निदान ज्यानं केलं त्यानंच तो द्यायचा. रिपोर्टचे पैसे घेतले जातात, तर त्याचा अर्थ सांगायची जबाबदारी रुग्णाच्या आत्यावर का?

आया एकमेकींना जो आधार देतात त्याला तोड नाही, हे मी रोज बघते. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, ऊन त्रेचाळीसवर, शिबिरं थांबलेली. अशा वेळी कुणाचा डोनर कुठे आहे हे या बायकांना रक्तपेढीच्या आधी ठाऊक असतं. पण याच बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गव्हांकुराच्या रसानं रक्त चढवणं बंद झाल्याचे निरोपही फिरतात, आणि एका घरानं त्या भरवशावर दीड महिना रक्त लांबवलं. आधार आणि माहिती या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या जागी दुसरी ढकलली की असं होतं.

हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, मी लिहिलं नाही, त्याला वेगळा लेख लागेल. एवढंच सांगते की तिथे जनुक आईकडून मुलाकडे येतं, म्हणून सगळा दोष आईच्या पदरात. आणि साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात त्याआधी कुणालाच तो नसतो. त्या आया तर आमच्या बाकावरही कडेला बसतात.

गेल्या वर्षी मी स्वत:ची तपासणी केली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कुणाला सांगितल्याशिवाय. एचबीएटू ५.१. चाळीस वर्षं मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. म्हणजे भाच्याकडचं जनुक आमच्याच घराण्यातून आलं असण्याची शक्यता मोठी, आणि लातूरच्या विहिणीवर जो राग निघाला तो फुकट. वहिनीला सांगितलं, ती काही बोलली नाही. मग अक्कलकोटला धाकट्या बहिणीला फोन केला, कारण तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्या मुलीचं मार्गशीर्षात लग्न ठरलेलं. मुलगा नात्यातलाच. सगळं सांगितलं, वाटाण्यांपासून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, लग्न पार पडू दे. तोवर ह्यांच्याजवळ बोलू नकोस."

मी बोलले नाही. लग्न झालं, जेवणात मांडे होते. मुलीला बाजूला घेऊन तेवढं सांगितलं, की दिवस गेले की तिसऱ्या महिन्याची वाट न बघता पहिला फोन मला कर, आणि येताना जावईबापूंना घेऊन ये. तिनं मान हलवली. अजून फोन आलेला नाही.